लागलाय

इराप्पा नंदिहळ्ळीचा टेम्पो तिसऱ्यांदा ढकलत आणला
कंग्राळी रोडवर, आमच्या दुकानापुढं.
"ब्याटरी सत्त होगेत्री, अक्का."
मेली म्हणजे मेलीच.
रात्री दोनला कोबी, ढबू भरून चोर्ल्यानं गोव्याला उतरायचं
आणि चावी फिरवली की नुसतं टक्.

ब्याटरी नवी. आल्टरनेटर मागच्या मंगळवारी मीच बघितला,
चौदा दाखवत होता.
मग रात्रभर पितंय कोण?

माझी ब्याटरी जोडली. म्हटलं, आधी दिवे बघूया.
बाबांना मागं उभं केलं.
पाय दाबला. "लागला."
पाय काढला. "लागलाय."
"काढलाय की पाय."
"लागलाय म्हणालो नव्हं."

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन
दोनदा पुढं ढकललंय, माझ्याचमुळं.
त्यांना विझलेल्या दिव्याभोवतीही खळं दिसत असणार.
"बसा तुम्ही," म्हटलं. जरा जोरातच.
ते स्टुलावर बसले, पाठ फिरवून.

पूर्वी मी असायचे मागं.
सात वर्षांची, मॅटॅडोरच्या धुरात, नाकाला फ्रॉक लावून.
लागला! गेला! लागला! गेला!
सगळ्या गल्लीला कळायचं
बाबांचा पाय कुठं आहे ते.

चावी काढली. मीटर लावला.
साडेतीन अँपिअर, झोपलेल्या गाडीत.
एकेक फ्यूज उपटत गेले. पार्किंगचा नाही. टेपचा नाही.
स्टॉपचा काढला
आणि आकडा शून्य.
पुन्हा बसवला, उतरले, वळसा घालून मागं गेले.
दोन्ही लाल. भर दुपारी, शांतपणे लाल.
स्टुलाकडं बघितलं नाही.

पेडलखाली उताणी पडले.
स्विचची पिन मोकळी राहिली की दिवा लागतो;
पाय नसताना पेडलच तिला दाबून धरतं,
एका छोट्या प्लास्टिकच्या टिकलीनं.
टिकली नव्हती. नुसतं भोक,
आणि भोकातून पिन आरपार.
खाली मॅटवर, माती आणि कोबीच्या पाल्यात
तांबूस चुरा, जुन्या खोडरबराचा असतो तसा.

इराप्पा गाडी गोडाऊनच्या भिंतीला पाठ लावून ठेवतो,
मागून कोणी ढबू काढू नये म्हणून.
महिनाभर ती भिंत रात्री लाल होती.
कुणाला दिसणार?
"घाटात मागचे लांबच राहायचे," इराप्पा म्हणाला,
"मला वाटलं, माणसं सुधारली."

भोकात बोल्ट घातला, वॉशर, मागून नट.
तीस रुपये सांगितले. तो तीनशेच्या तयारीनं आलेला,
खिशात हात तसाच राहिला थोडा वेळ.

"बाबा, येता काय मागं?"
आले. काही बोलले नाहीत. उभे राहिले, कमरेवर हात.
दाबला. "लागला."
सोडला.
"गेला."
दाबला. सोडला. पुन्हा दाबला.
गरज नव्हती.
"आता पुरे की," ते म्हणाले, "बल्ब घालवतीस काय?"