आधी टिंब

डर्बीत, चर्चमागच्या हॉलमध्ये, मंगळवारी सात वाजता
कुरामोची बाई उजळणीला पुन्हा तेच अक्षर काढतात: 空
आधी टिंब. मग छप्पर. छपराखाली दोन पाय, फाकलेले.
एवढं झालं की बीळ.
बिळात 工, म्हणजे काम.
आठ रेघा. कुणाचा क्रम चुकला तर
पाठमोऱ्या बाईंना तो
पेन्सिलीच्या आवाजावरून कळतो.

"सोरा," बाई म्हणतात. आभाळ.
त्याच खडूने, त्याच अक्षराला, "कारा." रिकामं.
भुकेल्या पोटाचं "सुकु",
विमानतळात शिरलं की "कू",
आणि पार्किंगच्या पाटीवर एकटंच, हिरवं पेटलेलं:
या, जागा आहे.

माझी वही चौकटींची, लेकीच्या गणितातून उरलेली.
कारखान्यात दिवसभर मी गाडीच्या दारांच्या फटी मोजते,
साडेतीन मिलिमीटर, वर अर्ध्याची सूट.
इथे आभाळ चौकटीत मावत नाही,
काम बिळातून खाली घसरतं.

शेजारी लेनर्ड बसायचा. आयुष्यभर बस चालवलेला,
ओसाकातल्या नातीशी बोलता यावं म्हणून आलेला.
सोरा आणि कारा त्याने कायम उलटे लावले:
आज रिकामं किती निळं आहे.
माझा कप आभाळ झाला, कुणी चहा देतं का?
बाई हसायच्या. दुरुस्त करायच्या नाहीत.
फेब्रुवारीत त्याच्या सुनेचं पत्र आलं,
ते मात्र त्यांनी आम्हाला
इंग्रजीतच सांगितलं.

तेव्हापासून त्या खुर्चीवर माझी पिशवी असते.

आज उशिरा एक पोरगा आला, सायकलचं हेल्मेट काखेत,
पाठ केलेलं वाक्य चाचपत चाचपत:
ही खुर्ची... आइते... इमासु का?

रिकामी म्हणावं, तर लेनर्ड आत्ताच उठून गेल्यासारखं.
मोकळी म्हणावं, तर
तो कधी बसलाच नव्हता जणू.
फळ्यावर अक्षर एकच. बाईंचा खडू थांबलेला.

मी पिशवी उचलली, पायाशी ठेवली.
आइते इमासु, म्हटलं.

तो बसला, वही उघडली,
घाईघाईत छपरालाच हात घातला.

"आधी टिंब,"
बाई फळ्याकडे बघतच म्हणाल्या.