शेजारचा नंबर

अल्विना श्टाइगरबाई वही घेऊन आल्या.
बाहेर उणे अकरा, बुटांना बर्फ,
आणि वही स्वेटरच्या आत, पोटाशी,
जणू ती गारठली असती.

डाव्या पानावर अंडी: सहा, चार, सात.
उजव्या पानावर फोन.
सोमवार ९.१०, गाडीची वॉरंटी.
सोमवार ११.४०, गाडीची वॉरंटी.
मंगळवारी गुडघ्याचा पट्टा, अगदी फुकट,
फक्त कार्डाचा आकडा सांगा.
"गाडी मी ऑगस्टातच विकली.
तिला सांगितलंसुद्धा.
ती म्हणाली, छान! आता एक दाबा."

बिस्मार्कच्या या तक्रार कक्षात मी चौदा वर्षं टंकतोय.
ओळखतो तो आवाज,
कधी न खोकणारा,
एकाच वेळी चाळीस हजार स्वयंपाकघरांत
तुमच्याच भल्यासाठी बोलणारा.
माग काढत जावं तर पत्त्यावर एक टपालपेटी,
पेटीमागे दुसरी कंपनी,
तिच्यामागे समुद्र.

"फोन नको म्हणणाऱ्यांच्या यादीत नाव घातलंत ना?"
"घातलं की. तेव्हापासून
प्रामाणिक लोकांचे फोन बंद झाले."

मग त्यांनी पान उलटलं.
गुरुवार, ४.१५. नंबर ऑर्व्हिल क्नुटसनचा.
पलीकडच्या शेतातला. ऑक्टोबरात गेला.
रोज सव्वाचारला फोन करायचा,
वारा कुठून आहे एवढंच सांगायला.
"मला माहीत होतं हो. मी काही खुळी नाही.
दफनानंतरच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड मीच नेलं होतं.
पण हात ओला होता, तो पुसला,
आणि उचलला."

वॉरंटी.

अर्जात रकाने आहेत: दिनांक, वेळ,
नुकसान, डॉलरमध्ये.
मी शून्य टाकलं.
खोडलं. पुन्हा शून्यच टाकलं.

"मेलेल्या माणसाचा नंबर चोरता येतो?"
"चोरत नाहीत, बाई. नुसता पांघरतात.
जवळचा वाटावा म्हणून."
"वाटला," त्या म्हणाल्या.

वही परत आत गेली. वर तीन बटणं.
दाराशी थांबून म्हणाल्या,
"सगळे बंद करा.
फक्त तो सव्वाचारचा बंद करण्याआधी
मला एकदा कळवा."

कळवतो म्हणालो.
त्यांची गाडी, म्हणजे पुतण्याची, वळून गेल्यावर
लक्षात आलं, कळवायचं तर फोनच करावा लागेल,
आणि वहीच्या मुखपृष्ठावर, आतल्या बाजूने,
त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:
अनोळखी नंबर उचलायचा नाही.