शिल्लक मिनिटं

खातं मीच बंद केलं, हे आधी सांगतो.
कुणी फसवलं नाही, कुणी ओटीपी मागितला नाही.
माघी गणपतीच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर,
चष्मा पुसून, नीट वाचून
'होय'वर बोट ठेवलं.
नीट वाचून म्हणतो खरा,
पण तळाशी राखाडी अक्षरांत एक ओळ होती:
शिल्लक रक्कम परत मिळणार नाही.

शिल्लक होती सतराशे शहात्तर.
मस्कतच्या दराने
एकशे अठ्ठेचाळीस मिनिटं.

एकतीस वर्षं काढली मी प्रेसमध्ये, नाशिकरोडला,
नोटांवर नंबर पडतात त्या खात्यात.
एक शीट जुळलं नाही तर पाळी सुटायची नाही.
भोंगा होऊन गेला तरी आम्ही उभे,
खिसे उलटे करून, डबे उघडे ठेवून,
कारण फाटक्या कागदालाही क्रमांक होता
आणि तो कुठे गेला
हे कुणीतरी सहीनिशी सांगायचं होतं.
जळायलासुद्धा तो मोजून जायचा.

म्हणून कंपनीला लिहिलं:
माझे सतराशे शहात्तर कुठे गेले?
उत्तर आलं अर्ध्या सेकंदात,
एवढ्यात माणूस साधा खोकतही नाही.
'नमस्कार त्र्यंबक, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.
खातं अस्तित्वात नसल्याने
शिल्लक अस्तित्वात नाही.'
राव नाही, आडनाव नाही. नुसता त्र्यंबक.
आणि पैसे गेले असंही नाही,
नव्हतेच.

मुलगा म्हणाला, सोडा ना बाबा,
एका वेळच्या हॉटेलचं बिल ते.
खरंय.

यमू माझी धाकटी. बावीस वर्षं मस्कतला नर्स.
तिकडे फुकटचे कॉल लागत नसत,
म्हणून हे खातं, हे आगाऊ पैसे.
शुक्रवारी, आपले साडेनऊ.
वरच्या कोपऱ्यात मिनिटं उतरत जायची
आणि आम्ही दोघं जात्याच हिशेबी,
अकरा मिनिटांत सगळं बसवायचो:
आईची दाढ, ओवाळणीचा ड्रेस,
जेलरोडच्या जागेचा सातबारा,
तिच्या वॉर्डातला तो मल्याळी म्हातारा
जो तिला रोज नव्याने नाव विचारायचा.
एकदा ती रडली. नवव्या मिनिटाला.
दहाव्याला म्हणाली,
दादा, ठेव. पैसे जातायत.

मी ठेवला.

त्यानंतर भरत गेलो. शंभर, दोनशे,
दिवाळीला पाचशे.
पुढच्या वेळी रडली
तर ठेवायचा नाही, असं ठरवून.
पुढच्या वेळी ती रडली नाही.
त्याच्या पुढच्याही वेळी नाही.
अशी ती साठत साठत
एकशे अठ्ठेचाळीस झाली होती.

आता ती कायमची आलीय.
सातपूर, आयटीआयच्या मागे, दुसरा मजला.
बिटकोवरून बस, द्वारकेला अडकली तर तासभर.
रविवारी जातो. ती पोहे करते, शेंगदाणे जास्त घालून.
टीव्ही चालू असतो.
मी विचारतो, पाणी किती वाजता येतं?
ती सांगते, पहाटे पाच.
गेल्या रविवारीही पाचच होते.
कोपऱ्यात आकडा नाही, काही उतरत नाही,
बोलणं फुकट आहे
आणि आम्ही बातम्यांच्या खालची पट्टी वाचतो.

परवा चपला घातल्यावर विचारलं,
यमू, त्या दिवशी का रडलीस?
कुठल्या दिवशी?
मी तारीख सांगितली. वार. नववं मिनिट.
नंबरिंगचा माणूस मी, चुकत नाही.

ती कडीला धरून उभी राहिली.
जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा ठसका.
खाली रस्त्यावर नाशिकरोडची बस
थांबली, हॉर्न दिला, निघून गेली.
पुढची पाऊण तासाने.

ती म्हणाली,
बस.

मी चपला काढल्या.