शेरा

घाटंजीच्या अलीकडे, फाट्यावर, लाहोटींचं जिनिंग.
तिथले चार कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहेत.
मी इकडे दारव्ह्याला, वरच्या खोलीत,
जिथे रेंज पुरते आणि दुपारी पत्रा तापतो.

शेठ फोनवर म्हणाले होते, "सगळं बंद करा, मॅडम.
गाणे बंद, पिक्चर बंद, पत्ते बंद,
पेनड्राइव्हचं भोक बंद.
मागचं चित्रसुद्धा बदलता नाही आलं पाहिजे.
पगार मी कामाचा देतो."
मी बंद केलं.
चहा निवायच्या आत
चार माणसांच्या खिडक्या बाहेरून लावून घेतल्या
आणि बिल पाठवलं. अठराशे, अधिक जीएसटी.

आता पडद्यावर दोनच चौकोन. हिशेब आणि काटा.
कोपऱ्यात घड्याळ आहे, त्याला हात लावता येत नाही.

काट्यावर देवमन उईके बसतो.
मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचा बाण ओळखते.
सरळ जात नाही तो,
बांधावरून चालल्यासारखा कडेकडेनं जातो,
बटणापाशी थांबतो,
मग दाबतो.
मी आत शिरले की दोघांचे हात एकाच बाणावर येतात.
तो लगेच सोडतो,
नाडी बघायला डॉक्टरनं मनगट धरलं
की माणूस हात ढिला सोडतो, तसा.
एकदा फोन आला. "मॅडम, तुमी आल्या का आत? का भूत हाय?"
मीच आहे, म्हटलं.
"मंग ठीक. भुताले पासवर्ड मालूम नसते."

जानेवारीत शेठचा आवाज बारीक झाला.
"अर्धा अर्धा तास गाडी नाही काट्यावर,
अन् हा टाइप करून राहिला. काय करतो, पाहा बरं."

रात्री मी बॅकअप उघडला.
पावतीच्या शेवटी एक रकाना असतो, शेरा.
माल ओला असेल, किडका असेल, तर लिहायला.
साठ अक्षरांचा.
तो बंद करायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पावती ८१२. मेटाडोर. निव्वळ सोळा क्विंटल चाळीस.
"डायवर झोपला. उठोला नाही. मांगं लाइन नोती."
पावती ८१९. ट्रॅक्टर.
"पोरगी म्हणे मलेबी मोज. वीस किलो भरली."
पावती ८४०.
"मशीन बंद पडलं. मंग कावळा आयकू आला."
पावती ८४१.
"हे कोनी वाचत नसन."

साठच्या जागी शून्य टाकलं की झालं.
एक आकडा. बिलातही धरता आलं असतं.
पत्रा रात्री गार होताना कडकड वाजतो,
तो वाजत होता
आणि मी त्या साठकडे बघत बसले.

सकाळी शेठना कळवलं,
कीबोर्डात रुई शिरली आहे,
बटणं आपोआप दाबल्या जातात.
"मग ब्रश मारायला सांगा," शेठ म्हणाले, "फुकटात."

आणि साठाचे दोनशे चाळीस केले.

पावती ८६३. "जागा वाढली दिसते. काहून?"
त्यानंतर कितीतरी दिवस नुसतं वजन.
शेरा कोरा. बाण आणखीच कडेनं.
मला वाटलं होतं तो मोकळं लिहील.
आपलं कोणी वाचतं,
हे त्याला मीच कळवलं होतं, जागा वाढवून.

एप्रिलात हंगाम सरला.
माझ्या यादीतले चार हिरवे ठिपके एकेक करून राखाडी झाले,
काट्याचा सगळ्यात शेवटी.
जाण्याआधी एक पावती फाडलेली होती.
गाडी नंबर नाही. भरलेलं वजन शून्य, रिकामं शून्य.
शेऱ्यात काही दिसेना.
पण कर्सर ओळीच्या पार टोकाला उभा होता.
मी मागं मागं येत मोजलं.
नुसता स्पेसबार दाबलेला,
दोनशे चाळीस वेळा.