लाद्रांव

जांबोटीच्या तिठ्यावर इनास बार्देस्करची बेकरी.
मांजर पाव पळवतं तेव्हा तो ओरडतो, "लाद्रांव!"
शेजारची गंगव्वा "कळ्ळा!" म्हणत चप्पल फेकते,
मी म्हणतो, चोरटं मेलं.
मांजर तिन्ही भाषांतून छपरावर.

इनास सांगतो, हा मूळचा लॅटिन, लात्रो.
आधी अर्थ होता पगारी शिपाई.
पगार थकला,
अर्थ बदलला.
मग बोटीत बसून गोव्यात उतरला
आणि आजाच्या तोंडातून चोर्ला घाट चढला.
तपासनाक्यावर कुणी हटकलं नाही.

परवा बसथांब्याच्या पाटीवरची एक लिपी
रात्रीत कुणीतरी डांबरानं पुसली.
त्याला काय म्हणायचं?
शब्द तर तिघांकडेही होते.
इनासनं पाव मोडला.
गंगव्वानं बशीत चहा ओतला,
आधी मांजराला.