शुक्रवारचा वर्ग, रुवी

पाच मिनिटं एसी बंद.
घाम चालेल, आवाज बुडायला नको.
चटईवर तीन पोरं, वाटीत चिंचोके:
जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे सरकवा.

"पाणी." ओजस ओठांपुढे तळहात धरून
प-ची फुंकर झेलतो.
शेजारचा हातिम म्हणतो, "बाणी."
दोघं खिदळतात.

"काळ." शर्वीचा होतो काल.
"जीभ मागे वळव गं, अजून."
काल, काल, आणि मग एकदाच
कुठूनसा घरंगळत ळ.

"आता माझा." हातिम डोळ्यावर बोट ठेवतो. "ऐन."
"ऐन," मी म्हणते.
"नाही."
"ऐन."
"नाही!" माझा हात ओढून
आपल्या गळ्यावर ठेवतो,
पुन्हा म्हणतो.
बोटांना कळतं काहीतरी,
कानांना अजून नाही.

माझ्यापुढे तो एक चिंचोका जास्तीचा सरकवतो.
एसी लावायचा राहतो.