घरघर

घरोघर जाते मी, घरघर विचारत.
एप्रिलातही रस्त्याच्या कडेला मळका बर्फ,
गाडीच्या डिकीत निळी पेटी,
पेटीत आठ कुप्या:
भूर्ज, गवत, मांजर, कुत्रा, गाय, धुळीतले किडे.
उरलेल्या दोन साक्षीदार.
एक नुसतं मिठाचं पाणी, जे कधीच फुगत नाही,
एक हिस्टामिन, जे फुगल्याशिवाय राहत नाही.
एक मुका, एक बोलका.
दोघे खरे निघाले तरच मधल्या सहांवर विश्वास.

प्रश्न दर वर्षी तोच,
गेल्या बारा महिन्यांत बाळाच्या छातीत शिट्टी वाजली?
शिट्टी हा शब्द आयांना पटत नाही.
एक म्हणाली, दाराच्या फटीतला वारा.
एक म्हणाली, किटली, उकळायच्या जरा आधीची.
सोन्कायार्वीचा दुधाचा टँकर चालवणारा बाप
बराच वेळ टोपी चुरगाळत राहिला, मग म्हणाला,
आमच्या म्हाताऱ्याचा अकॉर्डियन,
भाता फाटल्यावरचा.
मी चौकटीत खूण केली: होय.

ओत्सोला दर सर्दीत लागायचं ते.
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची,
दीड वर्षाचं पोर बसून झोपायचं.
मिर्वानं सतरंजी जाळली,
मांजर बहिणीकडे धाडलं,
नवऱ्याची सिगारेट अंगणात, मग अंगणाच्याही पलीकडे.
तीन पुरी झाली आणि थांबलं.
"सतरंजीच होती ती," मिर्वा म्हणाली.
मी मान हलवली.
त्याच्या हातावर सहाही थेंब गप्प होते.
नळ्या अरुंद होत्या, पोर वाढलं, नळ्या वाढल्या.
पण इतक्या रात्री जागलेल्या बाईकडून
तिची एक सतरंजी कशाला काढून घ्यायची?

जुन्या काळी इकडे भूर्जाच्या सालीवर लिहीत,
कर्ज, निरोप, कुणाची शपथ.
आता भूर्जच लिहितो.

हिल्क्काच्या हातावर त्यानं लिहिलं दुसऱ्या वर्षीच,
चार मिलिमीटर, कडा लालसर.
छाती मात्र स्वच्छ. नाही, नाही, नाही, नाही,
चार वर्षांचे चार कागद.
"लक्ष असू द्या," मी आईला म्हटलं होतं.
आईनं खिडकीतून पाहिलं, मुलगी कोंबड्यांमागे धावत होती,
आणि ती हसली.
पाचव्या मे महिन्यात तळ्याच्या काठाला पिवळी साय धरली,
आणि झोका मध्येच थांबवून
हिल्क्का म्हणाली, आई, मला हवा पुरत नाही.

कुओपियोच्या ऑफिसात पाल्मूनं पडद्यावर रेघा काढल्या.
नऊशे चाळीस मुलं, चार रेघा.
कधीच न वाजलेली. लवकर येऊन गेलेली.
उशिरा आलेली. ठाण मांडून बसलेली.
सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू,
तळ्यावर उतरत्या बदकांसारख्या वळत होत्या.
मी विचारलं, चारशे सतरा कुठे बसला?
"कुठे तरी बसेलच. मोठ्या आकड्यात विरघळतं असलं."

चारशे सतरा म्हणजे इल्पो.
एक वर्ष होय, एक वर्ष नाही, मग होय.
एकदा गाय आणि मांजर दोन्ही टरारून फुगले,
पुढच्या वर्षी हात कोरा.
मी कुप्या बदलून पाहिल्या. सुई बदलली.
मुका मुका होता, बोलका बोलका.

सहा वर्षांची शेवटची भेट.
गाडी फाटकाशी थांबायच्या आत तो गोठ्यातून सुटला,
बूट उलटसुलट, स्वेटरला वैरण चिकटलेली.
दमानं, अरे दमानं, मी ओरडले,
आणि आपलंच वाक्य ऐकून जरा थबकले.
त्यानं स्वेटर वर केला.
"यंदा काय वाजतंय, बघ."

स्टेथोस्कोप पेटीत, पेटी डिकीत.
मी चिखलात गुडघा टेकला, कान लावला.
आधी हृदयच, धडधड, सगळं झाकून टाकणारं.
त्याच्या मागे काही तरी,
असेल, नसेल.
"हलू नकोस," मी म्हटलं.
तो हलत होता.